फॉरमॅट मारण्यापूर्वी...

"इंजिनिअरिंगला आहेस ना? मग एवढं तरी कर की!" मित्रांनो, सुट्टीत घरी गेल्यावर हे वाक्य ऐकले नाही असा होस्टेलवासी विरळाच. दिवाळीत माझ्यावरही ही पाळी आली.

आई बचत गटाचा हिशेब घरच्या कॉम्प्युटरवर ठेवते. सोमवारी गटाची बैठक आणि शनिवारी रात्री कॉम्प्युटर तिला आत घेईना! पासवर्ड वहीत लिहिलेला, तोच टाकतोय, तरी "चुकीचा" म्हणून उत्तर. मशीनवर खाते एकच आणि तेच ॲडमिनिस्ट्रेटर, त्यामुळे दुसऱ्या खात्यातून जाऊन पासवर्ड बदलायचीही सोय नाही. दुकानदार फोनवर म्हणाला, "घेऊन या, फॉरमॅट मारून देतो." पण दोन वर्षांच्या हिशेबाची दुसरी प्रत कुठेच नव्हती. कोणी किती हप्ते भरले, सगळे त्यातच.

मला एका सिनियरची युक्ती आठवली. सेफ मोडमध्ये जायचे, तिथे लपलेले ॲडमिनिस्ट्रेटर खाते दिसते आणि त्याला बहुधा पासवर्डच नसतो. पण ही युक्ती विंडोज एक्सपीच्या जमान्यातली. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून हे खाते मुळातच बंद ठेवलेले असते. थोडक्यात, युक्ती बाद!

मग शांतपणे, सोप्याकडून अवघडाकडे जायचे ठरवले. तो क्रम असा :

१. आधी कीबोर्ड बघा. कॅप्स लॉक, नम लॉक आणि मुख्य म्हणजे भाषा. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे काय टाइप होतेय ते कळत नाही. शेजारचे डोळ्याचे चिन्ह दाबून धरा.

२. चौकट पिनची आहे की पासवर्डची? दोन्ही वेगळे. पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो. "साइन-इन ऑप्शन्स"मध्ये बदलता येते.

३. खाते कोणते? मायक्रोसॉफ्ट खाते असेल, तर पासवर्ड मोबाईलवरूनही बदलता येतो, मात्र नंतर कॉम्प्युटरला इंटरनेट हवे. लोकल खाते असेल, तर चुकीच्या पासवर्डनंतर "रिसेट पासवर्ड" येते आणि खाते उघडताना दिलेल्या प्रश्नांची उत्तरे विचारली जातात.

४. उगाच ठोकत बसू नका. नव्या विंडोज ११ मध्ये दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते दहा मिनिटे बंद होते.

५. यातले काहीच चालले नाही, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून फाइली बाहेर काढता येतात. पण डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की लागतेच. नव्या लॅपटॉपवर ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. फॉरमॅट अगदी शेवटी. पासवर्डचा प्रश्न सुटतो खरा, पण डेटाही जातो!

आमचे घोडे पहिल्याच पायरीवर अडले होते. डोळा दाबला, तर चौकटीत चक्क देवनागरी अक्षरे! आई नावे मराठीत टाइप करते, त्यामुळे मशीनवर मराठी कीबोर्डही आहे, आणि विंडोज की व स्पेस एकत्र दाबल्या गेल्या की भाषा बदलते. पुन्हा त्याच दोन कळा दाबल्या, पासवर्ड टाकला, झाले!

"एवढंच होतं?" आई म्हणाली. एवढंच होतं. आणि एवढ्यासाठी मी तो सीपीयू उचलून दुकानात नेणार होतो.

त्याच रात्री दोन कामे केली. हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आणि वेगळ्या पासवर्डचे दुसरे ॲडमिनिस्ट्रेटर खाते उघडले. घरात मशीन असेल, तर तुम्हीही या सुट्टीत एवढे करून या. (लॅबच्या मशीनवर मात्र हे प्रयोग नकोत. लॅब असिस्टंट आधीच आपल्यावर वैतागलेले आहेत!)