कार्बाइनवर काय चढवायचं आणि काय नाही?

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असल्यानं सीमाभागात गल्लीत एक तरी फौजी सापडतोच. इथल्या माजी सैनिकांना जुनी ९ एमएमची स्टर्लिंग कार्बाइन चांगली परिचयाची. आखूड नळी, डाव्या बाजूला मॅगझिन, लोखंडी साइट आणि गळ्यात अडकवायचा पट्टा, बस्स. आताच्या कार्बाइनवर मात्र काचेची साइट, टॉर्च, पुढं मूठ असा सगळा संसार लटकलेला दिसतो. ही नुसती ऐट नाही, पण सगळंच लागतं असंही नाही.

हे शक्य झालं ते नळीच्या वर आणि बाजूला असणाऱ्या खाचांच्या पट्टीमुळं, म्हणजे पिकॅटिनी रेलमुळं. अमेरिकी लष्करानं १९९५ मध्ये तिची मापं ठरवून दिली, त्यामुळं एका कंपनीची साइट दुसऱ्या कंपनीच्या बंदुकीवर बसू लागली. पुण्याच्या एआरडीईनं डिझाइन केलेल्या सुमारे ३ किलोच्या ५.५६ × ३० एमएम कार्बाइनवरही अशी रेल आहे. ती कानपूरला बनते, गोळ्या खडकीच्या कारखान्यातल्या. अर्थात हा सगळा विषय जवान आणि पोलिसांचा; स्वयंचलित कार्बाइन सामान्य माणसाला लायसनवर मिळत नाही.

निवडताना पहिला मान पट्ट्याचा, म्हणजे स्लिंगचा. जखमी साथीदाराला ओढायचं, भिंत चढायची, तर दोन्ही हात मोकळे हवेत. दुसरी रेड डॉट साइट. सिनेमामुळं अनेकांना वाटतं की लाल ठिपका समोरच्याच्या छातीवर पडतो. तो लेझर वेगळा. रेड डॉटचा ठिपका फक्त काचेत, नेम धरणाऱ्यालाच दिसतो. लोखंडी साइटमध्ये मागची साइट, पुढची साइट आणि टार्गेट एका रेषेत आणावं लागतं. इथं दोन्ही डोळे उघडे ठेवून ठिपका टार्गेटवर नेला की झालं. तिसरी टॉर्च. अंधारात समोर कोण आहे हे ओळखल्याशिवाय गोळी चालवणं म्हणजे आपल्याच माणसाचा जीव धोक्यात घालणं. बाकीच्या वस्तू गरज पाहून. रिकामी एम-४ कार्बाइन सुमारे तीन किलोची. नळीच्या टोकाकडं वाढवलेलं पावशेर वजनही तासाभरात हाताला एक किलो वाटतं.

बहुतेकांचं चुकतं ते बसवताना. साइट नेहमी बंदुकीच्या मुख्य अंगावर, रिसीव्हरवर बसवायची. पुढच्या हँडगार्डवर बसवली तर फायरिंगनं तो तापतो, हातानं दाबला जातो आणि नेम सरकतो. माउंट खाचेत ठेवून पुढं दाबून धरायचं, मगच स्क्रू कंपनीनं सांगितलेल्या ताकदीनं आवळायचा. हाताच्या अंदाजानं जास्त पिळला तर आटे जातात. शेवटी स्क्रूवरून माउंटवर रंगाची बारीक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला, हे लगेच कळतं.

त्यानंतर झिरोइंग. एम-४ सारख्या कार्बाइनवर साइट नळीपेक्षा सहा-सात सेंमी वर असते. ५० मीटरला झिरो केलेली गोळी साधारण २०० मीटरला पुन्हा ठिपक्याच्या रेषेत येते. पण दहा मीटरवर ती ठिपक्याच्या पाचेक सेंमी खाली लागते. खोलीत, जिन्यात लढायचं त्याला हे पाठ हवं, नाहीतर डोळ्याला मोकळं दिसत असताना गोळी समोरच्या कठड्यात जाते. अनेक साइटची एक क्लिक ५० मीटरवर सात मिलिमीटर सरकवते. गोळ्या सात सेंमी डावीकडं पडत असतील तर उजवीकडं दहा क्लिक. मात्र एका गोळीवरून स्क्रू फिरवायचा नाही; तीन-चार गोळ्यांचा झुबका पाहून त्याचा मध्य धरायचा.

साइट काढून परत बसवली, तर झिरो पुन्हा तपासायचा. आणि बॅटरी कितीही टिकाऊ असली, तरी घडीची लोखंडी साइट काढून टाकायची नाही. काच चिखलानं भरली किंवा ठिपका विझला, की जुन्या स्टर्लिंगवाल्यांसारखा नेम तिच्यावरच धरावा लागतो.