गप्पी मासा गप्पा मारतो काय?

डास होऊ नयेत म्हणून हौदात, डबक्यात गप्पी मासे सोडतात. मंडळी विचारतात, "गुरुजी, हा मासा गप्पा मारतो काय?"

नाही हो! गप्पी हे एका माणसाचे आडनाव आहे. रॉबर्ट गप्पी दूरच्या त्रिनिदाद बेटावर राहत. त्यांनी हे बारके मासे लंडनला धाडले. तेथील शास्त्रज्ञाने १८६६ साली माशाला त्यांचे नाव दिले. पण हा मासा १८५९ सालीच दुसऱ्याने नोंदला होता. म्हणून शास्त्रातले नाव निराळे झाले. लोकांच्या तोंडी मात्र गप्पीच राहिले.

नाव परके, पण काम आपले. पाण्यात वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या हा मासा खातो. डास कमी, की हिवताप कमी. मात्र त्याला नदीओढ्यात सोडू नका. तेथल्या आपल्या माशांना तो जड जातो.