क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स कशाला उतरवायचा?

गॅरेजच्या बिलावरून भांडण झालेलं तुम्ही नक्कीच पाहिलं असेल. त्यातलं एक ठरलेलं भांडण क्लच प्लेटचं. "एक प्लेट बदलली आणि मजुरी एवढी?" असं गिऱ्हाईक विचारतं. मिस्तरी हसतो, किंवा चिडतो. खामगावच्या एका मिस्तरींनी मला याचं उत्तर एका वाक्यात दिलं होतं, "प्लेट बदलाले टाइम नाही लागत भाऊ, तिच्यापर्यंत जाले लागते." आपल्या थिअरीच्या पुस्तकात क्लचची सुंदर सेक्शनल आकृती असते, पण 'जाले लागते' म्हणजे काय, ते काही त्या आकृतीत दिसत नाही. म्हणून हा लेख.

उदाहरण घेऊ मारुती व्हॅनचं, म्हणजे ओम्नीचं. ही गाडी १९८४ साली आली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण शाळेची मुलं, लग्नाचे पाहुणे, भाजीची पोती, पेशंट असं सगळं तिने वाहिलं आहे. हिला नाक नाही, बॉनेट नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली लपलेलं आहे. सीट उचलली की वरून स्पार्क प्लग, कार्ब्युरेटर वगैरे हाताला लागतं. त्यामुळे वाटतं, वा, सगळं कसं सोपं आहे! पण इंजिनाच्या मागे गिअरबॉक्स, त्याच्या मागे प्रोपेलर शाफ्ट आणि मग मागची चाकं अशी रांग आहे. क्लच बसतो इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध, बेल हाउसिंगच्या आत. म्हणजे सँडविचमधली काकडीच. वरचा ब्रेड उचलल्याशिवाय ती निघणार कशी?

ती तिथेच का ठेवली, हा प्रश्न रास्त आहे. इंजिनाची ताकद चाकांकडे जाताना वाटेत ती तोडता-जोडता आली पाहिजे, आणि ती गिअरच्या आधीच तोडली पाहिजे, नाहीतर गिअर बदलताना दातांची खरखर ऐकावी लागेल. फ्लायव्हील क्रँकशाफ्टला घट्ट बोल्ट केलेलं असतं. त्यावर प्रेशर प्लेट. दोघांच्या मध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते आणि तिच्या मधल्या खाचांमध्ये गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट शिरलेला असतो. पेडल दाबलं की केबल ओढली जाते, रिलीज बेअरिंग डायफ्रॅम स्प्रिंगवर रेटलं जातं आणि प्लेट मोकळी होते.

आता ही प्लेट झिजते कशी? पेडलवर अर्धा पाय ठेवून गाडी चालवली की प्लेट घसरत राहते. समजा ५० न्यूटन-मीटर टॉर्क जातोय आणि फ्लायव्हील व प्लेट यांच्या फेऱ्यांमध्ये मिनिटाला १००० चा फरक आहे. १००० आरपीएम म्हणजे साधारण १०५ रेडियन प्रति सेकंद. गुणाकार केला तर सव्वापाच किलोवॅट! एक किलोवॅटचे पाच इमर्शन रॉड एकदम लावल्यासारखं. (रेक्टर सर, हे फक्त उदाहरण आहे.) आणि ही सगळी उष्णता त्या बंद डब्यात. राजूर घाटात किंवा बोथ्याच्या चढावर ट्रकमागे अडकलेली भरलेली व्हॅन ब्रेकऐवजी क्लचवर धरून ठेवणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. मग तो जळका वास येतो, इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी काही उचलत नाही.

पण थांबा, लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. आधी पेडल बघा. ते सुरुवातीला थोडं मोकळं हललं पाहिजे. मोकळीक अजिबात नसेल तर केबल ताणलेली आहे आणि चांगली प्लेटसुद्धा पूर्ण दाबली जात नाही. केबलचा नट फिरवून काम भागलं तर पूर्ण दिवसाची मजुरी वाचते. हे न बघता थेट गाडी खड्ड्यावर घेणारा मिस्तरी मला तरी पटत नाही.

केबल ठीक असेल तर मात्र सुटका नाही. गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर. नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरायचं नाही, खाली मजबूत घोड्या हव्याच. जॅक सरकला तर आवाज करण्याइतकाही वेळ मिळत नाही. बॅटरीची वायर काढायची. गिअरबॉक्सचं ऑइल आधी काढायचं, कारण प्रोपेलर शाफ्ट ओढला की ते मागून सांडतं, आणि खाली आपलंच तोंड असतं. शाफ्ट खोलण्याआधी फ्लँजवर खूण करायची, म्हणजे तो होता तसाच परत बसतो. मग क्लच केबल, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, गिअर लिव्हरचं जोडकाम, स्टार्टर मोटर. इंजिनाला खालून टेकू. मग गिअरबॉक्सचा मागचा आधार आणि शेवटी बेल हाउसिंगचे बोल्ट. यातले वरचे एक-दोन असे असतात की दिसत नाहीत. ते बोटांनी शोधायचे, लांब एक्स्टेन्शन लावून पाना बसवायचा आणि गंजलेले असतील तर देवाचं नाव घ्यायचं. खरी मजुरी इथे लागते.

गिअरबॉक्स सरळ मागे ओढून उतरवायचा. आत काळी धूळ भरलेली दिसेल. ती कंप्रेसरच्या हवेने फुंकायची सवय फार वाईट. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं. आजार दिसायला कितीतरी वर्षं लागतात, त्यामुळे गॅरेजमधल्या पोऱ्याला आज कोणी सांगत नाही. ओल्या फडक्याने पुसायची, बस्स.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे सैल करायचे. आता प्लेट हातात! लायनिंग रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजलं असेल तर नवी टाका. प्लेट तेलकट असेल तर नुसती प्लेट बदलून पैसे वाया जातील. क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील किंवा इनपुट शाफ्टचं सील गळतंय, ते आत्ताच बदला. रिलीज बेअरिंगही फिरवून बघा, खरखरत असेल तर ठेवू नका. दहा मिनिटांच्या कंजुषीपायी पुन्हा सगळा गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे... असो.

नवी प्लेट बसवताना ती बरोबर मध्यावर हवी. गॅरेजवाले त्यासाठी जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट जपून ठेवतात, तो आत घालून मग बोल्ट समोरासमोरचे आवळतात. केसाएवढी सरकली तरी गिअरबॉक्स चढत नाही. चढवताना त्याचं वजन शाफ्टवर लटकू द्यायचं नाही, नवी प्लेटच वाकते. खाचांना ग्रीस अगदी पुसटसं, जास्त लावलं तर फिरताना उडून लायनिंगवर जातं. जोरात बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेणारे असतात. तसं करायचं नाही, शाफ्ट शिरत नसेल तर मागचा फ्लँज हाताने जरा फिरवून खाचा जुळवायच्या.

मग सगळं उलट क्रमाने, नवं गिअर ऑइल, आणि केबलची मोकळीक पुन्हा सेट. लायनिंग घासून नीट बसेपर्यंत पहिले काही दिवस घाटात भरलेली गाडी नेऊ नका. आणि पेडलवरचा तो डावा पाय तेवढा बाजूला ठेवा.