कारवीचे छोटे घर

दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायला पुष्कळ मुले विकतची घरे आणतात. मी रानातल्या सामानाचे करतो. त्याला पैसे पडत नाहीत.

आधी वाळलेली कारवी आणावी. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, मग बी धरते आणि मरते. तिच्या काठ्या सरळ असतात, म्हणून आमच्याकडे खऱ्या घरांचे कूडही तिचेच असत. आजोबांनी असे किती गोठे बांधलेत! आता आमचा गोठा पत्र्याचा झालाय, म्हणून ते मला छोट्या घरावर शिकवतात. ओली काठी घ्यायची नाही, ती वाळली की आकसते आणि बांध सैल पडतो.

कोपऱ्यांना जाड काठ्या खोचाव्या. मधे बारीक काठ्या लावून केळीच्या भिजवलेल्या सोपाने बांधाव्या. माती, शेण आणि बारीक गवत कालवून आतून-बाहेरून लिंपावे. गवत नसेल तर माती तडकते. दार ठेवायला विसरायचं नाही!

छप्पर सगळ्यात अवघड. ते चांगले उतरते करावे. गवत खालून वर रचत जावे, म्हणजे वरचा थर खालच्यावर येतो आणि पाणी ओघळून जाते. वळचण दोन बोटे बाहेर काढावी, नाहीतर भिंत भिजते.

खिडकीला मी डिंकाने लाल गुंजा चिकटवतो. गुंजा विषारी असतात, म्हणून धाकट्या बहिणीच्या हाती देत नाही.

शेवटी आत चिमूटभर राख ठेवून छपरावर तांब्याने पाणी ओततो. राख कोरडी राहिली तरच आजोबा घर पास करतात.