घरगुती चित्रपटगृह आणि स्पीकरची पारख

दिवाणखान्यात चित्रपटगृहाचा आनंद घेण्याची सोय आता पुष्कळ कुटुंबांनी केली आहे. परंतु स्पीकर घेताना, एरवी मालाच्या परीक्षेत मुरलेला व्यापारीदेखील खोक्यावरील वॅटच्या आकड्यास भुलतो.

'पी.एम.पी.ओ.' या नावाखाली हजारो वॅट छापण्याचा प्रघात आपल्या बाजारात पुष्कळ वर्षे होता. त्या मापास कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. आमच्या मते ते खोटे वजनच होय. सतत टिकणारी शक्ती 'आर.एम.एस.' या मापाने सांगतात, तीच विचारावी. पण तेवढ्यानेही भागत नाही. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर आवाज किती डेसिबल भरतो, यास स्पीकरची संवेदनक्षमता म्हणतात. ९० डेसिबलचा स्पीकर ५० वॅटांत जो आवाज देतो, तेवढ्यासाठी ८७ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट लागतात.

'५.१' या प्रचलित मांडणीत पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर असतो. यांपैकी पडद्याखालील मधला स्पीकर बहुतेक संवाद वाहतो, आणि नेमकी तेथेच काटकसर केली जाते! घरातील वडीलधाऱ्यांना बोलणे उमगत नाही म्हणून आवाज वाढवावा, तो स्फोटाच्या प्रसंगी शेजारी दार ठोठावतात. या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच सापडते. मधला स्पीकर डाव्या-उजव्या जोडीच्याच बनावटीचा असावा, त्याचे तोंड श्रोत्यांच्या कानांकडे असावे. त्यास बंद कपाटात कोंडू नये. समोरची जोडी मध्यापासून सुमारे ३० अंशांवर, तर बाजूची जोडी ११० अंशांच्या आसपास, म्हणजे कानांच्या किंचित मागे ठेवावी. सबवूफर कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज फुगतो, म्हणून त्याची जागा बदलून पाहावी.

शहाबादी फरशी व उघड्या भिंती आवाज परतवितात. जाड सतरंजी आणि पडदे यांवरील खर्च महाग स्पीकरवरील खर्चापेक्षा कित्येकदा अधिक फळतो. रक्कम बेताची असेल तर सहा निकृष्ट नगांऐवजी समोरचे तीनच चांगले घ्यावेत. बाकीचे मागाहून जोडता येतात.

दुकानात परिचित चित्रपटातील संवाद हळू आवाजात ऐकावा. मोठ्या आवाजात दोष झाकले जातात. दुकानाचे दालन आणि आपली खोली यांत फरक असतोच, म्हणून माल परत घेण्याची अट बिल होण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावी.