पर, खवले आणि रापण

मुलांनो, तुम्ही मासा पाहता तो सोललेल्या तुकड्याच्या रूपात. गेल्या वर्षी आपल्यापैकीच एका घरी मला धुरी दिलेला मासा वाढला. कोणता, ते घरात कोणालाच ठाऊक नव्हते. मी हात आखडता घेतला.

मालवणकडे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला रापण म्हणतात. एक दोर वाळूवर धरून ठेवतात. होडी जाळे सोडत अर्धगोल फिरते आणि दुसरा दोर थोड्या अंतरावर किनाऱ्याला आणून देते. वरची कड तरंगते, खालची वजनाने बुडते. जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. मग माणसांच्या दोन रांगा दोर ओढत एकमेकींकडे सरकतात. खालची कड तळापासून उचलली गेली की मासे निसटतात, म्हणून घाई चालत नाही. ओढणाऱ्याला वाटा मिळतो.

जाळे वर आले की तारली, बांगडा, मुडदुशी, शिंगाळा, पाखट, खेकडे, सगळे एकत्र! आपला नियम एकच: पर आणि खवले, दोन्ही हवेत. शिंगाळ्याला पर आहेत, मिशाही आहेत, खवले नाहीत. बांगड्याचे खवले इतके बारीक की शेपटीकडून डोक्याकडे नख ओढले तरच कळतात.

वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगतो. दाविद राहाबी कोकणात आले तेव्हा त्यांनी आपल्या बायकांपुढे सरमिसळ मासे ठेवले. बायकांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले. राहाबींच्या काळाविषयी मतभेद आहेत. पण हिब्रू विसरलेल्या समाजाची ओळख पटली ती मासे निवडणाऱ्या हातांवरून, अशी आपली परंपरा आहे.

इथे जर्मनीत अशा जाळ्याला श्ट्रांडवाडं म्हणतात. बाल्टिकच्या उथळ पाण्यात संशोधक लहान जाळे हातांनी ओढतात, माशांची पिल्ले मोजतात, त्यांची लांबी घेतात. पुष्कळ माशांची पिल्ले किनाऱ्यालगतच वाढतात. आपण मात्र जाळे टाकायचे नाही; मासेमारीला परवाना लागतो. आपण बाजारात अख्खा मासा मागायचा.

हेरिंगचे खवले हाताला चिकटतात. मे महिन्यात किनाऱ्याजवळ येणाऱ्या लांब चोचीच्या होर्नहेश्टची हाडे हिरवी असतात. घाबरू नका, खवले आहेत. आल, म्हणजे वाम, फसवा. त्याचे खवले सूक्ष्म, कातडीत रुतलेले, खरवडून निघत नाहीत. म्हणून आपल्याला वर्ज्य. श्टाइनबुटच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांचे उंचवटे, तोही वर्ज्य.

पुढच्या वर्गाला मी अख्खे हेरिंग आणणार आहे. त्या आठवड्यात नखे कापू नका.