बिनछपराची मैफल

जपानमधल्या उघड्यावरच्या मैफलीच्या तिकिटावर एक सूचना हमखास छापलेली असते: पाऊस आला तरी कार्यक्रम होईल, वादळ आलं तर रद्द. पाऊस कुठे संपतो आणि वादळ कुठे सुरू होतं, ते मात्र तिकिटावर नसतं. ते आयोजक ठरवतात, आणि त्यांचं ठरेपर्यंत हजारो माणसं मोबाइलवर हवामानाचे नकाशे बघत बसतात. सप्टेंबर हा तिकडे तुफानांचा महिना. मी ज्या बँडच्या नादी लागले, त्या एलिफंट काशिमाशीला वर्षातून एकदा आभाळाखाली उभं राहायला बहुतेकदा नेमके सप्टेंबर-ऑक्टोबरच सापडत आले.

मी मूळची पुण्याची. नोकरीमुळे तोक्योत आले आणि बरेच भारतीय राहतात तशी निशी-कासाईत राहिले. जपानबद्दल तोवर मला जे काही ठाऊक होतं ते पु.लं.च्या ‘पूर्वरंग’मधून, आणि त्यात रॉक असण्याचं कारणच नव्हतं. कचेरीतल्या एका सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत कानाला इयरफोन लावून दिला आणि एक माणूस जिवाच्या आकांताने ओरडताना ऐकू आला. शब्द एकही कळला नाही. पण ते ओरडणं सुरात होतं, अगदी काटेकोर सुरात. त्याचं नाव मियामोतो हिरोजी. तेव्हापासून माझी जी अवस्था झाली, तिला घरचे ‘वय काय, चाललंय काय’ म्हणतात.

जपानी रॉकचा इतिहास सांगायचा तर संपादक आणखी पानं देणार नाहीत, तेव्हा धावता आढावा. साठच्या दशकात बीटल्सच्या लाटेवर ‘ग्रुप साउंड्स’ नावाचा प्रकार आला. मग इंग्रजीत गायचं की जपानीत, यावर बरीच हमरीतुमरी झाली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बँडांचं पीक आलं आणि नव्वदच्या दशकात लाखोंनी सीडी खपल्या. १९९९ साल तर अचाट होतं. त्या मे महिन्यात लुना सी या बँडने तोक्योच्या समुद्राकाठी सुमारे लाखभर लोकांसाठी मंच उभारला, तो काही दिवस आधी सोसाट्याच्या वाऱ्याने कोसळला, आणि ते लोखंडी भग्नावशेष हटवण्याऐवजी बँड त्यांच्याच पुढ्यात उभा राहून वाजवून मोकळा झाला. दोनच महिन्यांनी ग्ले या बँडने माकुहारीच्या वाहनतळावर २ लाख माणसं जमवली. फुजी रॉक महोत्सवाचं पहिलं वर्ष, १९९७, तुफानात सापडलं आणि दुसरा दिवस रद्द झाला. झालं एवढं. आता मला खरं जिथे जायचं आहे तिथे जाऊ या.

ती जागा म्हणजे हिबिया उद्यानातलं खुलं संगीतगृह. सगळे त्याला ‘याओन’ म्हणतात. एका बाजूला कासुमिगासेकीची सरकारी मंत्रालयं आणि न्यायालयं, दुसऱ्या बाजूला इम्पीरियल हॉटेल, पलीकडे सम्राटांच्या राजवाड्याचा खंदक. मंत्रालयाच्या दारात कोणी रॉकचा अड्डा चालू देईल, हे आपल्याला पटणार नाही. हिबिया हे जपानचं पहिलं पाश्चात्त्य धर्तीचं सार्वजनिक उद्यान, १९०३ सालचं. संगीतगृह आलं १९२३ च्या जुलैमध्ये, आणि दोन महिन्यांच्या आत, १ सप्टेंबरला, कांतोचा महाभूकंप झाला. पुढे १९५४ मध्ये ते नव्याने बांधलं गेलं, १९८३ मध्ये पुन्हा एकदा. मी पाहिलं ते हे तिसरं: पंख्याच्या आकारात उतरत जाणाऱ्या बाकांच्या रांगा, समोर मंच, जेमतेम तीन हजार माणसांची सोय. बाकं इतकी कडक की तासाभरात पाठीचा कणा आपलं अस्तित्व जाणवून द्यायचा. पण गाणं सुरू झालं की कोणी बसतच नसे, त्यामुळे ती तक्रार सुरुवातीच्या वाट पाहण्यापुरतीच.

या तीन हजार जागांवर जे घडून गेलं आहे, त्याच्यापुढे दोन लाखांचे वाहनतळ मला फिके वाटतात. १९६९ मध्ये इथे दहा येन प्रवेशमूल्याच्या रॉक मैफली झाल्या. १९७५ च्या एप्रिलमध्ये याझावा एइकिचीच्या कॅरोल या बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला, आणि शेवटी मंचाची सजावटच पेटली. १९८४ च्या ऑगस्टमध्ये अणुविरोधी महोत्सवात अठरा वर्षांचा गायक ओझाकी युताका प्रकाशयोजनेच्या मनोऱ्यावर चढला, सुमारे सात मीटरवरून त्याने उडी टाकली, डावा पाय मोडला, आणि तरी तो मंचावर पडल्या पडल्या गात राहिला. या गोष्टी जपानी रसिक अशा चवीने सांगतात की ऐकणाऱ्याला अंगणातला प्रसंग वाटावा. एक गोष्ट मात्र कोणी चवीने सांगत नाही. १९८७ च्या एप्रिलमध्ये लाफिन नोज या बँडच्या कार्यक्रमात लोक मंचाकडे लोटले आणि चेंगरून तिघांचा जीव गेला. आज जपानी श्रोता आपल्या जागेची चौकट सोडत नाही, हात वर करतो तोही शेजाऱ्याला लागणार नाही असा. आपल्याकडचे लोक त्याला थंडपणा म्हणतात. मला वाटतं, या शिस्तीमागे ते तीन जीव आहेत.

एलिफंट काशिमाशी इथे पहिल्यांदा उभे राहिले १९९० मध्ये, आणि २०२५ मध्ये ते बंद होईपर्यंत एकही वर्ष त्यांनी चुकवलं नाही. बँड त्याहून जुना. १९८१ मध्ये तोक्योच्या उत्तरेकडच्या अकाबाने भागात शाळकरी पोरांनी तो सुरू केला. गाणारा मियामोतो, गिटारवर इशिमोरी तोशियुकी, ड्रमवर तोमिनागा योशियुकी हे वर्गमित्र. बासवर ताकामिदोरी सेइजी नंतर आला. १९८६ पासून हेच चौघे, आता साठीला टेकलेले. १९८८ मध्ये पहिली तबकडी आली, १९९४ मध्ये कंपनीने त्यांच्याशी करार संपवला आणि १९९७ मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकगीताने त्यांना घराघरांत पोहोचवलं. ते गाणं आजच्या रात्रीच्या चंद्राबद्दल आहे. याओनमध्ये ते सुरू झालं की लोक आपसूक माना वर करायचे. चंद्र असेलच असं नाही. एकदा तिथे मला फक्त एका कार्यालयाच्या गच्चीवरचे लाल दिवे दिसले होते, तरी मान वर गेलीच.

मी अकाबानेलाही जाऊन आले. स्टेशनात गाडी सुटताना जी छोटी धून वाजते, ती २०१८ पासून काही फलाटांवर त्यांच्याच गाण्यांची आहे. फलाटावर उभं राहून मी मुद्दाम गाड्या सोडत होते. शेजारच्या आजोबांनी काळजीने विचारलं, ‘कुठे जायचंय तुम्हाला? गाडी चुकली का?’ मी खरं कारण सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, ‘आमच्या गल्लीतली पोरं आहेत हो ती!’ पोरं!

तर उघड्यावरच्या मैफलीची मजा नेमकी कुठे आहे? माझ्या मते पहिल्या पाऊण तासात. मध्य सप्टेंबरात तोक्योत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, आणि कार्यक्रम त्याआधी सुरू होतो. म्हणजे सुरुवातीला मंचावरचे लाखमोलाचे दिवे निरुपयोगी. मियामोतो पांढऱ्या शर्टात, काळ्या पँटीत, डोक्यावरचे केस दोन्ही हातांनी विस्कटत येतो आणि आपल्याला त्याच्या कपाळावरचा घाम सरळ उन्हात दिसतो. कुठली नाट्यमयता नाही, धूर नाही. साठीचा एक माणूस दिवसाउजेडी ओरडतो आहे एवढंच. मग कधीतरी, नेमक्या कोणत्या गाण्यात ते कधीच पकडता येत नाही, दिव्यांचे रंग शर्टावर उमटायला लागतात. झाडं काळी होतात. बंद सभागृहात अंधार एका बटणासरशी पडतो. इथे तो पडायला गाण्यांची एक अख्खी रांग घेतो, आणि बँडला गाण्यांचा क्रम त्या हिशेबाने लावावा लागतो. संथ गाणी संधिप्रकाशात ठेवायची की अंधारात, यावर मी आणि माझा तो सहकारी आजही भांडतो.

दुसरी गोष्ट किड्यांची. हिबियातल्या झाडांवर सप्टेंबरातही उशिरापर्यंत सिकाडा असतात. ‘मिनमिन’ करणारे वेगळे आणि उन्हाळ्याच्या शेवटी ‘त्सुकु-त्सुकु’ असा आवाज काढणारे वेगळे. अंधार पडला की ते थांबतात आणि गवतातले रातकिडे सुरू होतात. मोठ्या आवाजाच्या गाण्यात हे काही ऐकू येत नाही. पण दोन गाण्यांच्या मध्ये गिटार जुळवली जाते, तीन हजार माणसं श्वास रोखून गप्प असतात, आणि तेवढ्यात किडे आपली पाळी साधून घेतात. जपानी श्रोता ती शांतता शिट्टी मारून फोडत नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांच्या सगळ्या औपचारिकपणाला माफ करते.

आता थोडं विज्ञान, कारण नवऱ्याला मी याच मार्गाने पटवलं. बंद सभागृहात आवाज भिंतींवरून, छतावरून परत येतो आणि गाण्याला भरीवपणा देतो. उघड्यावर तो जातो तो जातोच. म्हणून उघड्यावर गायक उघडा पडतो: स्वर घसरला तर झाकायला घुमणं नाही. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ग्लेच्या मैफलीसारख्या प्रचंड पटांगणात मंचावरचा आवाज ३४० मीटर मागे उभ्या असलेल्या माणसाला अख्ख्या एका सेकंदाने उशिरा पोहोचतो. पडद्यावर ड्रमची काठी आदळलेली दिसते आणि ठोका नंतर येतो. म्हणून मैदानात मध्ये मध्ये ध्वनिक्षेपकांचे मनोरे उभारतात आणि त्यांचा आवाज मोजून-मापून उशिरा सोडतात. याओनमध्ये मागच्या रांगेतही हा घोळ नव्हता. आणखी एक: दिवसा तापलेल्या जमिनीलगतची हवा गरम असते, त्यामुळे आवाज वरच्या दिशेला वळतो, सूर्यास्तानंतर जमीन निवली की तो खाली वळतो आणि लांबवर पोहोचतो. म्हणजे जसजशी मैफल रंगत जाते, तसतसा आवाज कुंपणाबाहेर जास्त जातो.

आणि कुंपणाबाहेर माझी माणसं बसलेली असायची.

तिकिटं सोडतीने मिळायची. पैसे असून उपयोग नव्हता, नाव निघावं लागायचं. तीन हजार जागा आणि चाळीस वर्षांचे चाहते, म्हणजे नाव न निघणारेच जास्त. ही न निघालेली मंडळी दुपारपासून उद्यानात येऊन झाडीलगत निळ्या प्लास्टिकच्या चटया अंथरायची. मंच दिसत नसे. फक्त ऐकू यायचं, तेही वाऱ्याच्या मर्जीने. सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेत व्हायचा तेव्हा माझे वडील मांडवाच्या बाहेर, रस्त्यावर उभे राहून ऐकायचे. तसंच हे, फक्त इथे शेंगदाण्यांच्या पुडीऐवजी सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा. पहिल्या वर्षी माझं नाव सोडतीत निघालं नव्हतं. मी बिचकत उभी होते. एका बाईंनी चटईचा कोपरा मोकळा करून दिला आणि म्हणाल्या, ‘बसा ना. इथून ड्रम जरा कमी येतो, पण गळा स्वच्छ येतो.’ त्या बरीच वर्षं तिथेच बसत आल्या होत्या. आत तिकीट मिळालं तरी घेत नाहीत असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला ती फुशारकी वाटली. नंतर आत जाऊन आले, आणि त्यांचं म्हणणं निम्मं तरी पटलं. आत तुम्ही मियामोतोला बघता. बाहेर बघायला काही नसतं, त्यामुळे तुम्ही खरोखर ऐकता. बाहेरचे लोक टाळ्याही वाजवायचे, हळू, आत ऐकू जाणार नाहीत अशा.

२०१२ मध्ये मियामोतोच्या डाव्या कानाला एकाएकी ऐकू येईनासं झालं. शस्त्रक्रिया झाली, मैफली थांबल्या. बँडचं पूर्ण ताकदीचं पुनरागमन झालं ते २०१३ च्या सप्टेंबरात, याओनमध्येच. त्या मैफलीचं चित्रीकरण ‘पुनरागमनाचं याओन’ अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झालं आहे. एका कानाने संकट पाहिलेला गायक परतीसाठी प्रतिध्वनी नसलेली जागा निवडतो, यात मला धाडस दिसतं. माझा सहकारी म्हणतो की तारीख रिकामी होती एवढंच. तो तसाच आहे.

पावसाबद्दल सांगायचं राहिलं. छत्री उघडायला बंदी आहे, मागच्याला दिसत नाही म्हणून. सगळे अर्धपारदर्शक रेनकोटात. पाऊस वाढला की लोक खूश होतात, हे मला सुरुवातीला समजेना. मग लक्षात आलं: भिजलेली मैफल पुढे वर्षानुवर्षं सांगता येते, आणि कोरडी कोणाच्या लक्षात राहत नाही. रेनकोट मात्र प्लास्टिकचा कचरा म्हणून तिथे पडलेला कधीच दिसणार नाही. प्रत्येक जण तो झटकून, घडी करून पिशवीत घालून नेतो.

हे तिसरं याओन २०२५ च्या सप्टेंबरअखेर पुनर्बांधणीसाठी बंद झालं. आधी एक वर्ष अगोदरच बंद व्हायचं होतं, पण कंत्राटदार मिळेना म्हणून त्याला वर्षभराचं आयुष्य जास्त लाभलं. नवं उभं राहीपर्यंत ज्यांना बिनछपराचा अनुभव हवा आहे त्यांनी ओसाकाच्या किल्ल्याच्या उद्यानातलं संगीतगृह गाठावं, तेही साधारण तीन हजारांचं आहे. डोंगर आणि चिखलाची तयारी असेल तर जुलैअखेरीस नीगाताच्या नाएबातला फुजी रॉक आहेच. तिकिटांच्या सोडतीसाठी बहुतेक ठिकाणी जपानी मोबाइल क्रमांक लागतो, तेव्हा तिकडे राहणारा एखादा भाचा-पुतण्या आधीच पटवून ठेवा. आणि नाव नाहीच निघालं, तर चटई घेऊन जा.